एक्सकॅलिबरपेक्षा तिचं म्यान मोलाचं

रानवाट :
ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाची गोष्ट निघाली की सगळे त्याच्या एक्सकॅलिबर या तलवारीबद्दल बोलतात. माझ्या मते गोष्टीचं मर्म म्यानात आहे. थॉमस मॅलरीने लिहिलेल्या, १४८५ साली कॅक्स्टनने छापलेल्या कथेत तळ्याच्या स्वामिनीकडून एक्सकॅलिबर मिळाल्यावर जादूगार मर्लिन आर्थरला विचारतो, तुला जास्त काय आवडलं, तलवार की म्यान? आर्थर म्हणतो, तलवार. मर्लिन त्याला वेड्यात काढतो : हे म्यान अशा दहा तलवारींच्या तोडीचं आहे, ते अंगावर असेपर्यंत कितीही घाव बसोत, रक्त जाणार नाही. पुढे आर्थर झोपलेला असताना त्याची बहीण मॉर्गन येते. उपसलेली तलवार त्याच्या मुठीत, म्हणून ती म्यान उचलते आणि तळ्यात फेकते. सोन्यारत्नांनी जड झालेलं ते म्यान तळाशी जातं. झोपेतही आर्थरने घट्ट धरलं होतं ते काय, बघा!

दगडफूल :
पटलं नाही. मॅलरी फार उशिराचा. जेफ्री ऑफ मॉनमथ ११३६च्या सुमारास ॲव्हलॉन बेटावर घडलेल्या कॅलिबर्नस तलवारीचं, म्हणजे एक्सकॅलिबरचंच, वर्णन करतो. जादूच्या म्यानाचा तिथे मागमूस नाही. १२००च्या आसपास रॉबेर द बोराँच्या काव्यात दगडातली तलवार येते. ती जो उपसेल तो राजा, म्हणजे राजा कोण, हे तलवारीने ठरलं. आणि मॅलरीतच बघा ना, म्यान तळ्यात फेकण्याआधी मॉर्गनने खरी तलवार म्यानासकट आपला प्रियकर अकोलॉन याला दिली, तरी आर्थरशी लढताना तो हरलाच.

रानवाट :
हरला, पण कधी? तलवार हातात परत आल्यावर आर्थरने आधी अकोलॉनच्या कमरेचं म्यान हिसकावून दूर भिरकावलं. अकोलॉनचं रक्त वाहिलं ते त्यानंतर. तोवर रक्तबंबाळ एकटा आर्थर होता. आणि दगडातली ती तलवार? पेलिनोर राजाशी झालेल्या द्वंद्वात मोडली. मर्लिनने पेलिनोरवर मंत्र घालून त्याला झोपवलं, म्हणून आर्थर वाचला.

पाणकणीस :
मला तलवारीचीच बाजू घ्यावीशी वाटते, कारण शेवट. मरणाच्या दारातला आर्थर आपला सरदार बेडिव्हियर याला तलवार पाण्यात फेकायला सांगतो, तर तो दोनदा ती लपवतो आणि खोटं सांगतो. तिसऱ्यांदा फेकतो तेव्हा पाण्यातून हात वर येतो, तलवार झेलतो, तीनदा फिरवतो आणि आत जातो. म्यान नुसतंच बुडालं. तलवार जिची होती तिच्याकडे परत गेली. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेन, दर वेळी अंगावर काटा येतो.

रानवाट :
काटा माझ्याही अंगावर येतो. पण त्याआधीचं पान वाचा. एक्सकॅलिबर जवळ असताना आर्थर आपल्या बंडखोर मुलाला, मॉर्ड्रेडला, मारतो भाल्याने! आणि मॉर्ड्रेडचा डोक्यावर बसलेला वार त्याचा घात करतो. म्यान असतं तर?

दगडफूल :
भाल्याचं मान्य. पण त्या अवस्थेत आर्थर म्यानाचं नावही काढत नाही. बेडिव्हियर पहिल्या दोन्ही वेळा परतला की त्याचा एकच प्रश्न, तिथे काय पाहिलंस?