घरी केलेला रॅक, मांडणी, फळी... तुमचे अनुभव टाका

जुळे सोलापूर
ऊस सुरू व्हायच्या आधी ट्रॉलीचं सामान एकदाचं नीट लावायचं म्हणून काल शेड आवरायला काढलं. टोचनची साखळी, जॅक, ग्रीसगन, दोर, पाने सगळं जमिनीवरच पडलेलं. ताडपत्री ओढली तर मागं नान्नांची, म्हणजे वडिलांची मांडणी. साखर पेठेत आमचा हातमाग होता, तो मोडला तेव्हा त्यांनी लाकडं विकली नाहीत, मागाचेच खांब उभे करून त्यात खाचा पाडल्या आणि फळ्या पाचरीवर बसवल्या, एक खिळा नाही. अजून हलत नाही ओ. फळ्यांच्या कडेला चुन्यानं तेलुगूत काहीतरी लिहिलंय, मी मराठी शाळेतला, बोलता येतं पण वाचता येत नाही. आता शेजारी लोखंडी रॅक करायलोय. तुम्ही कुणी केलाय का घरी? काय चुकलं ते पण लिहा.

भवानी पेठ
आम्ही स्लॉटेड अँगलचा (भोकंवाल्या लोखंडी पट्ट्यांचा) केला, तिरकी पट्टी लावलीच नाही. दोन महिन्यांत डोलायला लागला. वरच्या फळीवर जॅक ठेवलेला, तो खाली आला, पोरगी एक मिनिट आधी तिथनं उठून गेलती. आजपण आठवलं की पोटात गोळा येतो. जड सामान खाली म्हणजे खालीच, कोपऱ्यात तिकोनी प्लेटा, मागं क्रॉस पट्टी आणि भिंतीला १० एमएमचे फास्टनर. एवढं करा बघा दादा.

होटगी रोड
फास्टनर पोकळ ब्लॉकात मारू नका, धरत नाही, कॉलम शोधा. आणि वेल्डिंग करणार असाल तर रेड ऑक्साइड जॉइंटच्या मागनं पण मारा, गंज तिथनंच सुरू होतो. आमचा दोन पावसाळ्यात गेला.

मोहोळ
रॅक जाऊ द्या, मी ट्रॉलीच्या पुढच्या दांडीवर पानेपेटी बसवली, साधे नट लावले. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत दोन नट रस्त्यातच गळाले, खड्डे काय कमी हायेत का. आता नायलॉक नट लावलेत, त्यात आत प्लॅस्टिकची कडी असते, हादऱ्यानं सैल होत नाही. रातच्याला रांगेत थांबलो की त्याच पेटीवर बसून भाकरी खातो. घरनं शेंगाचटणी, कडक भाकरी, कांदा.

विजापूर रोड
कडक भाकरी म्हणलात आणि तोंडाला पाणी सुटलं. आमच्या रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर भाकरीचाच डबा असतो, उंदरांमुळं.
@जुळे सोलापूर दादा फोटो टाका की त्या अक्षरांचा, मी तेलुगू शाळेत शिकलेय, वाचून देते.

जुळे सोलापूर
टाकला बघा ताई. उन्हामुळं नीट आला नाही.

अक्कलकोट रोड
जमिनीपासनं अर्धा फूट वर ठेवा खालची फळी. आमच्याकडं ओली ताडपत्री तशीच घडी घालून ठेवली, बुरशी धरली आणि घडीत विंचू निघाला. आधी वाळवा. डिझेलचा कॅन रॅकवर असंल तर वेल्डिंगच्या दिवशी लांब न्या. कॅन रिकामा असला तरी न्या, आतली वाफ पेट घेते.

विजापूर रोड
उशीर झाला, पाणी आलतं. दादा, सगळ्यात खालच्या फळीवर ‘गोलुसु’ लिहिलंय, म्हणजे साखळी. मधल्यावर ‘ताडु’, दोर. त्याच्या वरचं पुसलंय. आणि उजव्या खांबावर पाचरीपाशी बारीक अक्षरात ‘मेल्लगा’, म्हणजे हळू.

जुळे सोलापूर
ताई काय सांगू. लहानपणी पाचर मी जोरात ठोकायचो, लाकूड चिरंल म्हणून नान्ना हातोडीच धरायचे. हा शब्द त्यांच्या तोंडून रोज ऐकलाय, तिथं लिहिलाय हे माहीतच नव्हतं. साखळी मी इतकी वर्षं बाहेर टाकत होतो. आज खालच्या फळीवर ठेवली.

भवानी पेठ
लाकडाला वाळवीचं औषध मारून घ्या, चुना पुसू देऊ नका.

मोहोळ
विजापूर रोडला पाणी आलं का? आमच्या पाव्हण्यांकडं तिकडं अजून नाही म्हणायलेत.

विजापूर रोड
आलं, पण अर्धाच तास. ड्रमपण भरले नाहीत.