सत्तरीनंतर दहा हजार पावलं लागतातच का?

अनगोळकर
वडील ७१, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. सकाळी उपाशीपोटी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात फिरतात, सहा हजार पावलं भरतात. दहा हजारांच्या हट्टापायी आता संध्याकाळीही निघतात आणि रात्री गुडघे चोळत बसतात. पाऊस लागला की चार महिने सगळंच बंद. काय करावं?

चालता_बोलता
दहा हजार हा आकडा डॉक्टरांचा नव्हेच. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातला तो आकडा. साठीपुढं फायदा साधारण सहा ते आठ हजारांपर्यंत वाढतो, मग फारसा नाही. म्हणजे काका पोचलेत की! आता वेग बघा. मिनिटाला शंभरेक पावलं. बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. असं आठवड्याला किमान १५० मिनिटं. गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर अंतर कमी करा. सुजला किंवा अडकला तर थेट डॉक्टर.

खानापूर_फिजिओ
पावसात शेवाळलेल्या फरशीवर फिरायला पाठवू नका. घरातच उठबस करायला लावा: खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसताना तीन आकडे मोजत सावकाश. आठ-दहा वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. प्लास्टिकची खुर्ची लादीवर मागं सरकते, म्हणून ती भिंतीला टेकवूनच. बहुतेकजण शेवटी धप्पकन बसतात. मांडीला खरं काम त्या उतरण्यातच असतं, तेच वाया जातं. श्वास रोखायचा नाही, बीपी चढतं. मग ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर दहा सेकंद. तोल नुसत्या चालण्यानं सुधारत नाही, आणि या वयात पडणं महागात जातं.

गोळी_आणि_पथ्य
शुगरची गोळी कुठली? मेटफॉर्मिन एकटी असेल तर शुगर सहसा गरजेपेक्षा खाली जात नाही. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी फिरणं धोक्याचं. संध्याकाळच्या फेरीऐवजी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललेलं बरं, जेवणानंतरची शुगर त्यानं कमी चढते.

अनगोळकर
ग्लिमेपिराइडच आहे.

गोळी_आणि_पथ्य
मग निघण्याआधी काहीतरी खायला द्या आणि खिशात साखरेची पुडी, तीन चमचे. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी आली की बसून ती खायची, पंधरा मिनिटांनी शुगर तपासायची. डोस मात्र स्वतःहून कमी करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि बूट घालण्याआधी झटकायचे. तळपाय सुन्न असला तर खडा टोचलेला कळत नाही.