बंदूक बिघडलेली नाही, टीव्ही बदलला आहे

निन्टेंडोच्या जुन्या एनईएस कन्सोलवर 'डक हंट' हा बंदुकीने बदकं टिपायचा गेम लावलं, बटणं चालतात, पण एलईडी टीव्हीवर एकही बदक पडत नाही, असं एकाने विचारलंय. कन्व्हर्टर घेण्यावर पैसे घालवू नका, उपयोग होणार नाही.

या गेमची बंदूक (झॅपर) काही सोडत नाही, फक्त प्रकाश पाहते. घोडा दाबला की पडदा एका फ्रेमपुरता, म्हणजे एका चित्रापुरता, काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. दोन बदकं असतील तर आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. कोणत्या फ्रेमला प्रकाश दिसला यावरून कोण पडलं ते ठरतं. फार सुंदर युक्ती आहे! एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते उशिरा दाखवतो, तोवर गेमने नेम चुकला असं ठरवलेलं असतं. शिवाय मूळ झॅपरमधलं सर्किट पिक्चर ट्यूबच्या सुमारे १५ किलोहर्ट्झच्या लुकलुकीलाच दाद देतं, म्हणून बल्बवर नेम धरूनही फसत नाही.

तेव्हा साधा ट्यूबवाला टीव्ही शोधा, १०० हर्ट्झवाला (सेकंदाला शंभरदा चित्र दाखवणारा) नको. बंदूक कन्सोलच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवा, बंदुकीच्या नळीतलं भिंग पुसा.

२०१६ च्या एनईएस क्लासिकमध्ये (जुन्या कन्सोलची छोटी नवी आवृत्ती) हा गेम नाहीच. निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवर २०१४ मध्ये आला, पण नेम वी रिमोटने धरायचा. एम्युलेटरमध्ये (संगणकावर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) दुसऱ्या पोर्टला झॅपर निवडून माउस वापरा.