लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) चार्जिंगला लावून "मी इथेच होतो" म्हणणाऱ्यांचे अनुभव

गच्चीवरचा पायलट

परवा बहिणीकडे मुक्काम होता. रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठलो तर अंधारात सोफ्यावर एक बारीक लाल दिवा. भाच्याने आरसी (रिमोटवरच्या) गाडीची बॅटरी चार्जिंगला लावलेली, खाली उशी, वर त्याचा शाळेचा स्वेटर. साहेब आत घोरत होते. बॅटरी काढून हातात धरली. कोमट होती, बाकी काही नाही. पण मला पुढे दोन वाजेपर्यंत झोप नाही.

२०१२ ची गोष्ट. आदल्या दिवशी टेकडीवर माझं रिमोटचं विमान नाकावर आपटलं होतं. फोम फाटला, पंखा तुटला, बॅटरी मात्र ठणठणीत दिसत होती. ३ एस (रांगेत तीन सेल), २२०० मिलिअँपिअर-अवरची. एक कोपरा किंचित चेपलेला, लाडू डब्यात दाबून बसवला की होतो तसा. मी अंगठ्याने तो कोपरा सारखा केला (हो, खरंच केला) आणि सकाळी जेवणाच्या टेबलावर चार्जरला लावली. २.२ अँपिअर, बॅलन्सची (प्रत्येक सेल वेगळा मोजणारी) तार जोडलेली, सगळं पुस्तकाप्रमाणे. मी फक्त चहा टाकायला गेलो.

आधी आवाज आला. कुकरची शिट्टी नीट न बसता वाफ जाते ना, तसा फुस्स. मग गोडसर, नेलपॉलिशसारखा वास. वळून बघतो तर पांढरा धूर, आणि दोन सेकंदांत ज्वाळा. एक सेल पेटला, मग दुसरा, मग तिसरा, रांगेत. मी चहाचं गाळणं हातात घेऊन उभा. आईने सांडशीने तारांना धरून तो जळता गोळा बाल्कनीत ओढला आणि कोरफडीची कुंडी अख्खी त्यावर उपडी केली.

सागवानी टेबल, आजोबांच्या वेळचं. त्यावर तळहाताएवढा काळा खड्डा आहे. गेली कित्येक वर्षं त्यावर क्रोशाचा रुमाल असतो आणि पाहुणे आले की आई मुद्दाम तो उचलून दाखवते.

तर तुमचे किस्से येऊ द्या. जळालेले, फुगलेले, थोडक्यात वाचलेले, सगळे चालतील.

---

टिंबटिंब

आईंना साष्टांग नमस्कार. कोरफड जगली का?

---

गच्चीवरचा पायलट

@टिंबटिंब जगली! तिचीच पिल्लं आता चार कुंड्यांत आहेत.

---

पेन्शनर नाना

आमचा काळ निकॅडचा, म्हणजे निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो तेव्हापासून एरोमॉडेलिंग. रिसीव्हरचा पॅक ४.८ व्होल्ट, ६०० चा. त्याला ६० मिलिअँपिअर द्यायचे, संध्याकाळी दिवे लागले की लावायचा आणि सकाळी न्याहारी झाली की काढायचा. चौदा तास. क्षमतेच्या एक दशांश करंटने निकॅडला थोडं जास्त चार्जिंग झालं तरी ती गरम होऊन सोसत असे. त्यामुळे "रात्रभर लावून झोपणे" ही सवय आमच्या पिढीची, आणि तेव्हा ती बरोबर होती.

निवृत्तीनंतर मुलाने लायपो आणि तो चार बटणांचा निळा चार्जर आणून दिला. मी बटणं दाबत गेलो. चार्जरवर निमएचचा (निकेलच्याच दुसऱ्या बॅटरीचा) प्रोग्रॅम लागला होता, मला वाटलं बॅटरी म्हणजे बॅटरी. आता गंमत अशी की निकेलचा सेल भरला की त्याचं व्होल्टेज जरासं खाली येतं, आणि चार्जर त्या उतरणीची वाट बघत असतो. लायपोमध्ये ती उतरण येतच नाही! चार्जर वाट बघतोय आणि करंट ढकलतोय. माझं नशीब की चष्मा लावून बसलो होतो. पडद्यावर १३.४ दिसलं. ३ एसची हद्द १२.६. उपटून काढली. पॅक पावासारखा फुगला होता, पण पेटला नाही.

त्या दिवसापासून चार्जरच्या बटणाशेजारी लाल नेलपेंटने "लि" लिहून ठेवलं आहे. सौभाग्यवतींचं नेलपेंट.

---

अर्धवट इंजिनीअर

नाना _/\_ १३.४ म्हणजे सेलला जवळजवळ ४.४७. काटा आला अंगावर.
आणि बॅलन्सची तार जोडली नव्हती ना तुम्ही? निकेलच्या मोडमध्ये चार्जर सेलकडे बघत नाही.

---

पेन्शनर नाना

नव्हती. मला वाटलं ती पांढरी तार जास्तीची आहे.

---

विमानवाल्याची बायको

मला विमान उडवता येत नाही पण या धाग्यावर माझा हक्क सगळ्यात जास्त आहे.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात फ्रिज उघडला तर कोथिंबिरीच्या डब्याशेजारी झिपच्या पिशवीत सहा बॅटऱ्या. "थंडीत टिकतात गं." मी म्हटलं कोथिंबीर पण टिकते, पण ती पेट घेत नाही. आता त्या बॅटऱ्या गॅलरीत मातीच्या माठात असतात, खाली वाळू, वर झाकण नुसतं टेकवलेलं. आणि फ्रिजपेक्षा खरं काम व्होल्टेजचं आहे हे मलाच आधी कळलं. पूर्ण भरून ठेवल्या की महिनाभरात फुगतात, सेलला ३.८ वर ठेवल्या की वर्षानुवर्षं तशाच. म्हणजे ३ एसला ११.४.

हा आकडा मला आमच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ आहे. रविवारी उडवायचं ठरवतात, शनिवारी रात्री सगळ्या चार्ज करतात, सकाळी पाऊस येतो, मग त्या भरलेल्या बॅटऱ्या पुढच्या रविवारपर्यंत तशाच. मीच चेकर लावून ओरडते, "अहो, १२.६ आहे, उतरवा!" सासूबाईंना वाटतं यांचं ब्लडप्रेशर.

---

टिंबटिंब

ब्लडप्रेशर!! हाहाहा. ऑफिसात हसलो, साहेब बघतायत.

---

मिरचीभजी

माठाची आयडिया मस्त. आमच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, चालेल ना?

---

अर्धवट इंजिनीअर

@मिरचीभजी झाकण घट्ट बसणारा असेल तर नको. सेल फुटला की वायू भसाभस निघतो, त्याला जायला वाट हवी. नाहीतर डबा म्हणजे सुतळी बॉम्ब. झाकणाला भोकं पाडा किंवा नुसतं टेकवा. आणि त्या धुरात उभे राहू नका, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं, फुफ्फुसांना फार वाईट. आधी माणसं बाहेर, मग बाकीचं.

---

हॉस्टेल खोली १४

इंजिनीअरिंगला आहे, कॉलेजची एरो टीम. स्पर्धेच्या आदल्या रात्री पॅक सहा, चार्जर एक. सिनियर म्हणाला पॅरलल बोर्ड लाव, सगळे एकदम होतील. लावले. पाच पॅक उडवून आणलेले, सेलला ३.७ च्या आसपास. सहावा कोणीतरी दुपारीच भरून ठेवला होता, ४.१५ वर. कुणी मोजलंच नाही.

वर मी आधी बारीक बॅलन्सच्या तारा जोडल्या आणि जाड तारा नंतर. म्हणजे भरलेल्या पॅकमधला सगळा करंट रिकाम्या पाचांत धावला तो त्या केसाएवढ्या तारांतून. चट्ट. इन्सुलेशन वितळून तारा एकमेकींना चिकटल्या, खोलीभर प्लॅस्टिकचा वास, बोटावर अजून डाग आहे. चार्जर तर चालूपण केला नव्हता राव!

आता आधी प्रत्येक पॅक मोजतो, सगळे ०.१ व्होल्टच्या आत असतील तरच एकत्र. आधी जाड, मग बारीक. खोलीत वाळूची बादली आहे, शेजारच्या बांधकामावरून आणलेली. (आणलेली म्हणजे आणलेली.)

---

गच्चीवरचा पायलट

@हॉस्टेल खोली १४ विमान उडालं का दुसऱ्या दिवशी?

---

हॉस्टेल खोली १४

उडालं. उतरलं नाही. झाडावर आहे.

---

नागपूरची संत्री

मे महिना, बाहेर ४५. आमच्या दादाने ग्राउंडवरून आल्यावर बॅग गाडीच्या डिकीत ठेवली आणि लग्नाला निघून गेला. संध्याकाळी उघडली तर चारही पॅक टम्म, पुऱ्याच. दोन अजून भरलेले होते. तो म्हणतो हवा काढू का सुईने?? मी हातातली सुई हिसकावली.

---

मीठभाकर

फुगलेली बॅटरी मिठाच्या पाण्यात टाकायची, दोन दिवसांत संपते. मी तसंच करतो.

---

अर्धवट इंजिनीअर

@मीठभाकर मी पण करायचो. एकदा तीन दिवसांनी काढून मीटर लावला, शून्य. खूश झालो. मग टोकं खरवडून सेलवर थेट मोजलं तर ३.६! मिठाच्या पाण्याने कनेक्टर आणि पत्र्या गंजून खाऊन टाकल्या होत्या. आत वीज तशीच, आणि आपण समजतो मेली.
गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, दोन तारा, एक कनेक्टर. उघड्यावर, विटांवर ठेवून लावा. पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, २२०० चा पॅक दीडेक तासात बसतो. बल्ब पूर्ण विझला तरी रात्रभर राहू द्या, मग टोकांना टेप आणि ई-कचऱ्यात. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीत दाबली गेली की पेटते.

---

मीठभाकर

बरं झालं सांगितलंत. बादलीत आत्ता एक आहे. चिमट्याने काढू का?

---

अर्धवट इंजिनीअर

काढा, पण घरात नाही.

---

बर्फातला मावळा

इथे कॅलगरीत उलटी तऱ्हा. गॅरेजमध्ये उणे १५. पहिल्या हिवाळ्यात मी तिथेच चार्ज करायचो, आग लागली तर गॅरेजमध्ये लागू दे असा हुशार विचार. तीन-चार चार्जिंगनंतर पॅकचा दमच गेला, विमान वर चढेना. क्लबातल्या एका आजोबांनी सांगितलं, शून्याखाली चार्जिंग नाही म्हणजे नाहीच. थंडीत लिथियम आत मुरत नाही, वरच धातूचा थर होऊन बसतं, ते परत येत नाही आणि पुढे आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती. उडवायला थंडीत चालते, फक्त निघेपर्यंत जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायची.

आता घरात, दगडी शेकोटीच्या आत ठेवून चार्ज करतो. धूर गेला तर धुराड्यातून जाईल. बायको म्हणते एवढी महागडी शेकोटी घेतली ती यासाठी.

---

नागपूरची संत्री

@बर्फातला मावळा थोडं ऊन पाठवू का? मोबदल्यात बर्फ.

---

मिरचीभजी

विषय निघालाच आहे तर, दीर पुढच्या महिन्यात अमेरिकेहून येतायत. त्यांना दोन बॅटऱ्या आणायला सांगितल्यात. सामानात टाकू दे ना?

---

विमानवाल्याची बायको

@मिरचीभजी चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही गं, सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच. टोकांना टेप, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. १०० वॉट-अवरच्या आत हव्यात. व्होल्टेज गुणिले अँपिअर-अवर. ३ एस २२०० म्हणजे ११.१ गुणिले २.२, साधारण २४. ६ एस ५००० मागवली असशील तर १११ होतात, मग एअरलाइनची परवानगी लागते. यांची एकदा विमानतळावर अर्धा तास चौकशी झाली होती, मी ओळख दाखवली नाही.

---

सोसायटीचा सेक्रेटरी

आमच्याकडे बेसमेंटमध्ये ई-स्कूटर चार्ज करू द्यायच्या की नाही यावर तीन मीटिंगा झाल्या. हा धागा प्रिंट काढून लावू का नोटीसबोर्डावर?

---

अर्धवट इंजिनीअर

नका हो काका. स्कूटरच्या पॅकला स्वतःचं संरक्षण सर्किट असतं, बऱ्याच ठिकाणी सेलही वेगळ्या रसायनाचे. आमचे पॅक नागडे असतात, वजन वाचवायला. आत राखणदार कुणी नाही, म्हणून आम्हाला बसायचं.

---

सोसायटीचा सेक्रेटरी

"नागडे" शब्द सोडून बाकीचं लावतो.

---

विजेची वाट

गावाकडे आमचा प्रॉब्लेम लाइट. मधेच जाते, परत येते, बीप करून चार्जर परत पहिल्या पानावर, आणि मागच्या वेळी ४ एस केलेलं असेल तर ४ एसच. बॅलन्सची तार लावलेली असली की तो सेल मोजतो आणि ओरडतो, एवढाच आधार. म्हणून आता ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चार्ज करतो, बांधावर, लिंबाखाली बसून. एक पॅक तासाभरात होतो, तोवर शेंगा सोलून होतात.

---

पेन्शनर नाना

@विजेची वाट लिंबाखाली बसून चार्जिंग ही कल्पना फार आवडली. कुठलं गाव?

---

विजेची वाट

बार्शीजवळ. या नाना, काढण्या झाल्या की रान मोकळं आहे, उतरायला जागाच जागा.

---

टिंबटिंब

पायलटसाहेब, भाच्याचं काय झालं ते सांगितलंच नाहीत.

---

गच्चीवरचा पायलट

सकाळी त्याला टेबल दाखवायला आमच्या घरी आणला. आईने रुमाल उचलला. तो खड्ड्यात बोट घालून म्हणाला, "आज्जी, तू सांडशीने उचललंस? हाताने का नाही?" आता गाडीपेक्षा सांडशीतच जास्त रस आहे त्याला. बॅटरी बाल्कनीत, फरशीवर, मोकळ्या कुंडीत चार्ज होते आणि तो समोर पाटावर बसून चित्रं काढतो. किती दिवस टिकतंय बघू.

---

मीठभाकर

काढली हो बादलीतून. कनेक्टर हिरवा झालाय, एक पत्री तुटली. बल्ब आता कुठे जोडू?