कूलिंग वॉटर लाइनसाठी हाताने चालवायचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह: लिव्हर की गिअर?

प्रश्न: ८ इंची लाइन, पाणी साधारण ४० अंश, दाब ६ बार. पंपाच्या डिलिव्हरीला (पाणी बाहेर पडतं त्या बाजूला) वेफर टाइप, लिव्हरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह (आतली गोल डिस्क फिरवून उघडबंद होणारा) चालेल का? सीट (डिस्क जिच्यावर टेकून बंद होते ते रबराचं अस्तर) कोणती घ्यावी?

उत्तर १: ६ इंचापर्यंत लिव्हर ठीक. ८ इंचाला गिअरच (चाक फिरवून सावकाश चालणारा) घ्या. टॉर्क जास्त लागतो हे आहेच, पण लिव्हर झटक्यात बंद केला की वॉटर हॅमर (अचानक अडलेल्या पाण्याचा पाइपला धक्का) बसतो. सीट ईपीडीएम रबराची. मात्र पाण्यात तेल मिसळण्याची शक्यता असेल तर नायट्राइल रबराची, कारण तेलाने ईपीडीएम फुगतं आणि डिस्क जाम होते.

उत्तर २: पुढची पाइप खोलून पंप चालू ठेवायचा असेल तर वेफर नको, लग टाइप (आट्यांच्या कानांमुळे प्रत्येक बाजू स्वतंत्र बोल्टने बसते) घ्या. वेफर दोन फ्लँजमध्ये (पाइपच्या टोकांच्या बोल्टच्या चकत्यांमध्ये) फक्त दाबून धरलेला असतो. लगचंही एका बाजूने किती दाबाला रेटिंग आहे ते कॅटलॉगमध्ये बघा, बरेचदा ते कमी असतं.

उत्तर ३: निवड बरोबर असूनही गळती होते ती बसवताना. रबर सीटच्या व्हॉल्व्हला वेगळं गॅस्केट लावू नका. डिस्क जवळपास बंद ठेवून आत सरकवा, बोल्ट हाताने लावा, मग डिस्क सावकाश पूर्ण उघडून बघा. जाड पाइपचा आतला व्यास कमी असतो, तिथे डिस्कची कड घासते. अडत नसेल तरच बोल्ट समोरासमोरचे आवळा. आणि व्हॉल्व्ह जागेवर असताना फ्लँजला वेल्डिंग अजिबात नाही, सीट जळते!

प्रश्नकर्ता: फ्लो थोडा कमी-जास्तही करायचा आहे.

उत्तर १: डिस्क साधारण ३० ते ७० अंशांच्या कोनात उघडी ठेवून चालेल. त्याखाली कायम ठेवलात तर सीटची कड झिजते.