मदत हवी आहे: साध्या यूजरला रूट मिळालं कसं? (तातडीचं)

अंबड एमआयडीसीत पार्ट्सच्या कारखान्यात आहे. आयटी म्हणजे मी एकटाच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच. एका पोराला फक्त डिस्पॅचचं फोल्डर बघायला लॉगिन दिलं होतं, त्याच लॉगिनवरून रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याची, कामं झालीत. रूटचा पासवर्ड कुणाकडे नाही, पोरगा सुडोच्या (रूटच्या अधिकाराने कमांड चालवायची परवानगी) यादीतही नाही. मालक संध्याकाळी येताहेत. लवकर सांगा.

गोदाकाठ: कोणती ओएस, कोणतं व्हर्जन? 'रूटची कामं' म्हणजे नक्की काय दिसलं?

द्राक्षबाग: प्रिंट स्पूलर बंद करा. विंडोजच्या प्रिंटिंगमधली २०२१ ची ती प्रिंटनाइटमेअर चूक निघाल्यापासून आमच्याकडे बंदच आहे.

धागाकर्ता: भाऊ, रूट म्हणतोय मी! उबंटू लिनक्स १८.०४ आहे. एक नवा यूजर तयार झालाय, नंबर शून्य, म्हणजे रूटचाच.

गोदाकाठ: १८.०४ चा मोफत सपोर्ट मे २०२३ मध्येच संपला. त्याआधी तरी अपडेट मारले होते का? पीकेएक्झेक नावाच्या प्रोग्रॅममधली चूक २००९ पासून होती, उघड झाली जानेवारी २०२२ मध्ये. तो प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी रूटच्या अधिकाराने चालतो, त्यामुळे ती चूक वापरली की पासवर्ड लागतच नाही. सुडोमध्येही २०२१ साली तसंच निघालं, यादीत नाव नसलं तरी चालायचं.

पंचवटीकर: लगेच जुन्या व्हर्जनवर बिल फाडू नका. आधी क्रॉन बघा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं. रूटच्या क्रॉनमधली एखादी स्क्रिप्ट सगळ्यांना लिहिता येते का?

गोदाकाठ: आणि क्रॉन ठीक निघालं तर १८.०४ तशीच ठेवायची?

पंचवटीकर: असं कधी म्हणालो?

सिडकोवाला: अंबडला लाइट फार जाते. यूपीएस कोणता वापरता?

धागाकर्ता: अपडेट बंदच ठेवलेत, डिस्पॅचचं सॉफ्टवेअर रुसतं. बॅकअपची स्क्रिप्ट रात्री २ ला चालते. परमिशन ७७७, म्हणजे कुणीही लिहावं. चालत नव्हती म्हणून मीच केलेली.

पंचवटीकर: घ्या! कुणीतरी त्यात एक ओळ घातली आणि तुमच्याच क्रॉनने ती रूट म्हणून चालवली. हॅकिंग कसलं, सही केलेला कोरा चेक होता तो. स्क्रिप्ट पुसू नका, कॉपी काढून ठेवा. नंतर मालकी रूटकडे, परमिशन ७००, म्हणजे फक्त रूटलाच. फोल्डरचीही बघा, फोल्डरमध्ये लिहिता आलं तर जुनी फाइल काढून त्याच नावाची दुसरी ठेवता येते.

गोदाकाठ: आणि तो यूजर काढला म्हणजे मिटलं असं समजू नका. रूट एकदा हातून गेलं की एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या) किल्ल्या, नवी क्रॉन, काहीही पेरलेलं असू शकतं. नेटवर्कची केबल काढा, नव्या व्हर्जनवर नवीन इन्स्टॉल, डेटा आधीच्या बॅकअपमधून.

द्राक्षबाग: पोरगा हुशार दिसतोय. आयटीत घ्या त्याला.

धागाकर्ता: केबल काढली. स्क्रिप्टमधला बदल शुक्रवारचा आहे, त्या लॉगिनची नोंदही शुक्रवारचीच. पण पोरगा शुक्रवारी रजेवर होता, सिन्नरला बहिणीकडे. आत्ता डिस्पॅचला जाऊन आलो. त्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलाय. अक्षर माझंच आहे.