ग्वाल्हेरची छोटी लाइन: रूळ काढून पायवाट करावी का?

गोठकर
परवा सकाळी घोसीपुऱ्याकडे छोट्या लाइनीच्या, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरच्या जुन्या नॅरोगेजच्या, कडेकडेनं चालत गेलो. रुळांवर ओळीनं गोवऱ्या वाळत घातलेल्या, मध्ये एक शेळी बांधलेली. २०२० पर्यंत याच रुळांवरून श्योपूरची गाडी जायची. दोनशेक किलोमीटरला अख्खा दिवस, आणि छतावरही माणसं. करोनात बंद झाली ती झालीच. ब्रॉडगेज आता बिर्लानगर, रायरूवरून बानमोरकडे काढली आहे, म्हणजे स्टेशन ते मोतीझील हा शहरातला तुकडा कुणाच्याच कामाचा उरला नाही. तिथे चालायला नि सायकलीला रस्ता करा, एवढंच माझं म्हणणं. नवी जमीन घ्यायला नको. रेल्वेचा चढ मुळातच हलका असतो. उरवाई दरवाज्याच्या चढावरून किल्ल्यावर सायकल चढवून पाहिली असेल त्याला याचं मोल कळेल. महाराज बाड्याच्या बाजारात तर सायकल हातात धरूनही चालता येत नाही.

छोटीलाइनवाला
'कुणाच्याच कामाचा नाही' हे वाचून जीव तुटला हो. माधवराव शिंदे महाराजांच्या काळात घातलेली, दोन फुटी गेजची लाइन आहे ही. दार्जिलिंगची गेजही तीच, आणि ती १९९९ साली युनेस्कोच्या यादीत गेली, कारण तिथे गाडी चालू होती! रूळ एकदा उखडले की भंगारात जातात, पुन्हा कुणी घालत नाही. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावरची चांदीची गाडी लोक तिकीट काढून बघतात आणि खरी गाडी गोवऱ्यांखाली. स्टेशन ते मोतीझील हेरिटेज गाडी चालवा. सायकलवाल्यांना तिघरा धरणाचा रस्ता आहेच की.

मुरारवाली
तुम्ही दोघंही सकाळी सहाला फिरणारे दिसता. मी संध्याकाळी सातला क्लासमधून सुटते. लाइनीच्या दोन्ही बाजूंना काय आहे? घरांच्या पाठी. दार नाही, दुकान नाही, खिडकी असली तर न्हाणीघराची. लोहिया बाजारातून रात्री नऊला मी एकटी येते, धक्के खात येते, पण भीती वाटत नाही, कारण पावलापावलावर कुणीतरी बसलेलं असतं. एकदा त्या वाटेवर शिरलं की पुढचं फाटक येईपर्यंत बाहेर पडायला जागा नाही. नुसते दिवे लावून हे सुटत नाही.

गोठकर
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दर मोहल्ल्यातून वाटेवर यायला गल्ली उघडली तर? चहाचे ठेलेही तिथेच बसू द्यावेत. नाहीतरी ते बसणारच.

पाटणकर बाजार
माझा सरळ विरोध. गेल्या दिवाळीत आई फुटपाथवरच्या उघड्या चेंबरमध्ये पाय जाऊन पडली, मांडीचं हाड मोडलं. झाकण नव्हतं, वर कुणीतरी पुठ्ठा टाकून ठेवला होता. तिला मोतीझीलला जायचं नाही. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत तीनशे पावलं सरळ चालता आली पाहिजेत, बस. पैसा एकच आहे. तो या सायकल-ट्रॅकवर गेला की फीत कापायला सगळे येतील, चेंबरचं झाकण बसवायला कुणी येणार नाही. आणि मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत त्या गिट्टीवर फिरणार कोण?

हजिऱ्याचा
कोण फिरणार ते मी सांगतो. वडील जे.सी. मिलमध्ये, कापडगिरणीत होते. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा निघायचा, घंट्यांशिवाय काही ऐकू यायचं नाही. मिल बंद पडली, सायकली काही बंद पडल्या नाहीत. सकाळी आठला हजिऱ्याच्या चौकात उभे राहा. रंगारी, मिस्त्री, हँडलला डबा, मागे ब्रश नि पत्र्याची बादली. हे लोक ऊन बघून घरी बसत नाहीत, टेम्पोच्या आणि ट्रकच्या मधून जातात. माझा सायकल-ट्रॅकला पाठिंबा आहे, पण बागेसारखं पाच ते नऊ उघडं आणि मग कुलूप, असं नको. तिकीट तर नकोच. आणि मोटरसायकली अडवायला खांब ठोकाल तेव्हा दुधाच्या कॅन लटकवलेली सायकल त्यातून निघते का, ते आधी बघा. आमच्याकडे एका ठिकाणी असे खांब लावले, दूधवाला रोज सायकल आडवी उचलतो.

छोटीलाइनवाला
मग रूळ राहू द्या आणि बाजूनं वाट करा. दोन्ही होईल.

गोठकर
काका, मी पावलं मोजली आहेत. घोसीपुऱ्याजवळ एका बाजूला भिंतीपर्यंत अकरा, दुसऱ्या बाजूला चार. त्या चारांतही एक चूल आहे. तिथे तरी दोन्ही बसत नाही. पुढे मोकळं आहे, तिथे बसेल. चूलवाल्यांचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मुरारवाली
रविवारी बघायला जाऊ. पण सहाला नाही, संध्याकाळी सातला.

गोठकर
चालेल. पाटणकर, आई कशा आहेत आता?

पाटणकर बाजार
वॉकरवर आहे. अंगणातच फेऱ्या घालते, बाहेर पडायला घाबरते. रविवारी येतो, पण मत बदलायला येत नाहीये.